रंगपट्टीतून गळलेली माणसे

प्रसिद्ध चित्रांतून रंग वेगळे काढून त्यांची पट्टी करण्याची टूम गेल्या काही वर्षांत चांगलीच रुजली आहे. व्हर्मीर, व्हॅन गॉग, राजा रविवर्मा किंवा अजिंठा, कोणतेही नावाजलेले चित्र घ्यावे, त्याच्याखाली पाच चौकोन आखावेत, प्रत्येक चौकोनात त्या चित्रातला म्हणून एकेक रंग भरावा आणि खाली त्याचा आकडा लिहावा. या पट्टीला पॅलेट म्हणतात. भिंतीचा रंग ठरवणारे, कापडाचे नमुने काढणारे, लग्नपत्रिका छापणारे, जाहिराती करणारे असे सगळे आज या पट्ट्यांवरून काम करतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या ज्या मुलामुलींना मी मराठी शिकवतो, त्यांच्या हातातल्या फोनमध्येही या पट्ट्या पोचल्या आहेत.

आपल्या वाचकांपैकी काहींना वाटेल, की भाकरीचे, शिष्यवृत्तीचे, अत्याचाराचे प्रश्न समोर असताना रंगांचे चौकोन कसले मोजत बसायचे? हा आक्षेप मला मान्य नाही. माणसाला हलके ठरवण्याचे काम या देशात नुसत्या कायद्याने आणि काठीने झालेले नाही. ते अभिरुचीनेही झाले आहे. कोणती भाषा शुद्ध, कोणता आवाज गोड, कोणता रंग सभ्य, हे ज्यांनी ठरवले त्यांनीच कोणता माणूस जवळ बसवायचा हेही ठरवले. आपल्या साहित्याने भाषेच्या शुद्धतेचा दंभ फोडला. रंगाच्या सभ्यतेची चिकित्सा मात्र आपण फारशी केलेली नाही. प्रसिद्ध चित्रांच्या या पट्ट्या त्या चिकित्सेसाठी सोयीच्या आहेत, कारण त्यांत प्रस्थापित अभिरुचीचा सगळा कारभार पाच चौकोनांत उघडा पडतो.

प्रथम ही पट्टी तयार कशी होते ते पाहू. संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान. या तीन आकड्यांतून १,६७,७७,२१६ रंग होऊ शकतात. यंत्राला सांगितले, की पाचच रंग दे, तर ते एकमेकांच्या जवळचे ठिपके एका गटात टाकते, गटाची सरासरी काढते आणि ती सरासरी चौकोनात भरते. म्हणजे चौकोनात दिसणारा रंग चित्रात असेलच असे नाही. भडक लाल आणि भडक हिरवा एका गटात पडले, तर त्यांची सरासरी काळपट पिवळी येते. चित्रकाराने तो रंग कधी कुंचल्याला लावलेलाही नसेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हे गणित संख्येचे आहे. ज्या रंगाने जास्त जागा व्यापली तो पट्टीत येतो. ज्याने थोडी व्यापली तो दुसऱ्याच्या गटात ढकलला जातो आणि सरासरीत विरतो. व्हर्मीरने सुमारे १६६५ साली रंगवलेले ‘मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी’ हे चित्र घ्या. चित्राला ज्या मोत्याचे नाव आहे तो मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचे एक-दोन फटकारे. सगळे चित्र त्या उजेडाच्या ठिपक्याभोवती उभे आहे. पण पाच चौकोनांच्या पट्टीत तो पांढरा बहुधा सापडणार नाही, कारण त्याची संख्या कमी. पट्टीत पहिला येईल तो मागचा काळा, कारण त्याने सर्वात जास्त जागा घेतली आहे. लोकशाहीचा अर्थ बहुमताची मोजणी एवढाच लावला तर काय होते, हे बाबासाहेबांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अल्पसंख्य रंग चित्राचा प्राण असू शकतो, हे सरासरीला कळत नाही.

आणि तो काळा तरी खरा आहे काय? हेग येथील संग्रहालयातल्या संशोधकांनी या चित्राची उपकरणांनी तपासणी केली. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केले, की मुलीच्या मागे मुळात हिरवा पडदा होता. रंगद्रव्यात बदल होत होत तो नाहीसा झाला. म्हणजे पट्टीतला ‘व्हर्मीरचा काळा’ हा व्हर्मीरचा नव्हेच, काळाने केलेला आहे. व्हॅन गॉगने ऑक्टोबर १८८८ मध्ये आर्ल गावी आपल्या झोपण्याच्या खोलीचे चित्र काढले. भिंती फिक्या जांभळ्या आहेत असे त्याने भावाला कळवले होते. आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला तांबडा उडून गेला. तरीही त्या निळ्याला ‘व्हॅन गॉगचा निळा’ म्हणून पट्टीत जागा मिळते.

आपल्याकडचे उदाहरण अजिंठ्याचे. तिथले चितारी बहुतेक रंग आसपासच्या मातीतून आणि दगडातून घेत होते: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुनखडीसारखी द्रव्ये, काळ्यासाठी काजळी. निळा तेवढा लाजवर्दाचा, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेल्या दगडाचा. व्हर्मीरच्या मुलीच्या डोक्यावरचे निळे कापडही लाजवर्दाच्याच निळ्याने रंगवलेले आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचे रोगण चढवले. हेतू चांगला होता; पण ते रोगण पुढे पिवळे पडले, त्यावर धूळ बसली, वटवाघळांची घाण बसली, आणि ते उतरवण्याचे काम पुढच्या पिढ्यांतल्या जाणकारांना करत बसावे लागले. आता एखाद्या जुन्या छायाचित्रावरून ‘अजिंठ्याची रंगसंगती’ म्हणून मधासारखा पिवळा आणि तपकिरी काढला, तर त्यात चिताऱ्याचा वाटा किती आणि रोगणाचा किती? पट्टी हे सांगत नाही. तिला इतिहास नसतो. तिला फक्त आकडा असतो.

येथवरचे म्हणणे ऐकून कुणी म्हणेल, की ही तांत्रिक त्रुटी झाली. चांगले यंत्र आणा, चांगले छायाचित्र आणा, म्हणजे झाले. मला तसे वाटत नाही. यंत्र पूर्ण निर्दोष झाले तरी मूळ प्रश्न उरतोच, आणि तो असा: चित्रातला रंग चित्रापासून सोडवला की त्याच्या अर्थाचे काय होते?

यासाठी व्हॅन गॉगचे ‘बटाटे खाणारे’ हे चित्र पाहावे. १८८५ च्या एप्रिल-मेमध्ये हॉलंडमधल्या न्यूनेन या खेड्यात त्याने ते पुरे केले. टांगलेल्या दिव्याखाली पाच माणसे मेजाभोवती बसली आहेत. बटाट्याच्या ताटात त्यांचे हात आहेत. हाडे वर आलेले, गाठाळलेले हात. चेहऱ्यांना न सोललेल्या, धुळीने माखलेल्या बटाट्याचा रंग द्यायचा, हे त्याने ठरवून केले होते. आणि ज्या हातांनी ही माणसे खात आहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे चित्रातून दिसले पाहिजे, असे त्याने आपल्या भावाला लिहिले. त्या काळच्या पॅरिसला उजळ, हलके रंग आवडू लागले होते. त्याने मुद्दाम अंधारी, मातीची भाषा निवडली. म्हणजे तिथला तपकिरी हा रंग नव्हे, ते विधान आहे: हे अन्न यांनी कमावलेले आहे.

हे विधान समजायला आमच्या भागातल्या मुलांना हॉलंडला जावे लागत नाही. आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी ओळखले जाते. पंजाबातून बेणे येते, मंचरच्या बाजारात त्याचे सौदे होतात, पठारावर जून-जुलैत लागवड होते, आणि माल काही अंशी वेफर्सच्या कंपन्यांशी करार करून जातो. काढणीच्या दिवसांत बायका वाफ्यात वाकून बटाटे वेचतात, निवडतात, गोणीत भरतात. संध्याकाळी त्यांचे हात, पदर, पाय, सगळे एका रंगाचे झालेले असते. वर्गात मी हे चित्र दाखवले तेव्हा कोणी चित्रकाराचे नाव विचारले नाही. पठारावरच्या एका मुलाने एवढेच विचारले, “सर, हे मजूर की मालक?” समीक्षेच्या पुस्तकांतून मी या चित्रावर जे वाचले होते, त्यातल्या पुष्कळ पानांहून हा प्रश्न मोलाचा आहे.

आता याच चित्राची पट्टी करा. दोन तपकिरी, एक हिरवट काळा, एक राखी, एक दिव्याचा मळका पिवळा. हात गेले, दिवा गेला, बटाटे गेले, मजूर की मालक हा प्रश्नही गेला. उरले ते पाच चौकोन, आणि त्यांना नाव मिळते ‘मातीचे रंग’. हे रंग मग शहरातल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर जातात. तिथे ते संयत दिसतात, सुसंस्कृत दिसतात.

मराठीत रंगाला नावे ठेवण्यासाठी दोन शब्द सर्रास वापरले जातात: ‘मळकट’ आणि ‘भडक’. हे शब्द रंगाचे गुण सांगतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते रंग कुणाच्या अंगावर आहे हे सांगतात. तपकिरी जेव्हा वेचणाऱ्या बाईच्या लुगड्यावर असतो तेव्हा तो मळकट असतो; तोच बंगल्याच्या भिंतीवर ‘मातीशी नाते सांगणारा’ होतो. गर्द निळा आपल्या वस्तीतल्या कमानीवर, विहारावर, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या कोटावर असला की तो भडक. तोच एखाद्या परदेशी चित्रकाराच्या पट्टीत आला की ‘धाडसी’. रंगाचा आकडा एकच. बदलला तो माणूस.

हे मी हवेत बोलत नाही. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या, महादेव कोळी समाजातल्या एका विद्यार्थिनीने एका स्पर्धेसाठी स्वतःची रंगपट्टी केली होती. कोणत्याही प्रसिद्ध चित्रावरून नव्हे, आपल्या गावावरून. अंगणात वाळत घातलेल्या हिरड्याचा काळपट पिवळा, भाजलेल्या राबाच्या राखेचा करडा, भाताच्या रोपांचा पोपटी, बांधाच्या मातीचा तांबडा आणि घोंगडीचा काळा. प्रत्येक चौकोनाखाली तिने आकड्याऐवजी दोन ओळी लिहिल्या होत्या: हा रंग कशाचा, कोणत्या महिन्यातला, कोणाच्या हाताने होतो. परीक्षकांनी पाहिले आणि ‘मळकट आहे, जरा सौम्य रंग घ्यायला हवे होते’ असा शेरा दिला. त्याच दालनात ‘बटाटे खाणारे’ या चित्रावरून काढलेल्या तयार पट्टीला बक्षीस मिळाले. मी शिक्षक म्हणून तिथे हजर होतो. परीक्षक दुष्ट होते असे मला म्हणायचे नाही. त्यांची नजर अशी घडलेली आहे, की मातीला आधी युरोपातल्या भिंतीवर टांगले तरच ती त्यांना दिसते. त्या दालनात एका मुलीने आपले जगणे रंगाच्या भाषेत मांडले आणि ते रंगच नव्हेत असे तिला सांगण्यात आले. आपल्या पहिल्या पिढीच्या लेखकांना ‘ही भाषाच नव्हे’ असे जे ऐकावे लागले, त्याहून हे वेगळे काय आहे?

तिच्या पट्टीतला हिरडा तर रंगाच्या इतिहासातला मोठा माणूस आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात हिरडा गोळा करणे हा आदिवासी कुटुंबांचा रोकड मिळवण्याचा मुख्य आधार. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या झाडांचे आणि फळांचे नुकसान झाले तेव्हा भरपाईसाठी लोकांना आंदोलने करावी लागली, कारण हिरड्याला पीक मानायचे की नाही, इथूनच वाद होता. या हिरड्यातल्या तुरटपणाने कातडे कमावले जाते. त्यानेच सुती कापडावर रंग पक्का बसतो. लोखंडाच्या क्षाराशी मिळाला की तो काळा होतो आणि त्याची शाई होते. जुन्नर हे हातकागदाचे जुने ठिकाण. कागद कागद्यांनी केला, शाईला रंग रानातल्या फळाने दिला, कातड्याची बांधणी ज्यांनी कमावली त्यांना गावाबाहेर ठेवले, आणि पोथी मात्र ज्याची त्याचीच राहिली. चित्रातून रंग उचलून माणूस मागे ठेवण्याची रीत यंत्राने शोधलेली नाही. ती आपल्या समाजाची जुनी रीत आहे. जातिव्यवस्थेने श्रम घेतले आणि श्रमणारा नाकारला. पट्टी रंग घेते आणि रंगवणारा, रंगवलेला, दोघेही नाकारते.

तरीही या पट्ट्या फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. दुसरी बाजू न्यायाने मांडली पाहिजे. आमच्या तालुक्यांत तैलचित्रे पाहायला मिळतील असे संग्रहालय नाही. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. मूळ तैलचित्र म्हणून जे काही असते ते मी प्रथम पाहिले तेव्हा नोकरीला लागून दोन वर्षे झाली होती. ज्या मुलाच्या घरी भिंतीवर चित्र म्हणून फक्त दिनदर्शिका आहे, त्याला फोनवरची पट्टी निदान एवढे शिकवते, की रंग एकेकटे नसतात, एकमेकांच्या शेजारी बसून ते बदलतात. चित्रकारही दुसऱ्यांची चित्रे गिरवूनच शिकले. व्हॅन गॉगने मिलेची शेतकऱ्यांची चित्रे आणि जपानी छापचित्रे पुन्हा पुन्हा रंगवली. उचलणे हे पाप नव्हे. आपल्या लोकांना तर शतकानुशतके उचलण्याचीच बंदी होती.

आणि नकलेने आपल्यावर उपकारही केले आहेत. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात, कार्ले-भाजे लेण्यांजवळच्या मळवलीला गेला. तिथे होत होते ते आजच्या पट्टीचेच थोरले काम. तैलचित्रातले रंग एकेक करून वेगळे काढायचे, प्रत्येक रंगाचा वेगळा शिळाछाप करायचा आणि मग कागदावर एकावर एक रंग चढवायचे. चित्राखाली नाव रविवर्म्याचे आले. रंग वेगळे काढणाऱ्या कारागिरांचे आले नाही. पण त्या छापांनी देव बाजारात आणले. ज्या काळात काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० साली सत्याग्रह करावा लागत होता, त्या काळात तोच देव कागदावर, पुजाऱ्याला न विचारता, कुणाच्याही भिंतीवर जाऊ शकत होता. पुढे १९५६ नंतर आपण त्या भिंतीवरून ते देव उतरवले आणि बुद्ध व बाबासाहेब लावले. तेही छापील चित्रांच्याच रूपाने. आपल्या घरातली पहिली कला ही नक्कल होती, आणि ती नक्कल क्रांतीच्या कामी आली. म्हणून नक्कल वाईट, मूळ तेवढे पवित्र, हा शुद्धतेचा युक्तिवाद आपल्या तोंडी शोभणार नाही.

तेव्हा प्रश्न उचलण्याचा नाही. उचलताना काय सोडले जाते याचा आहे, आणि कोणत्या चित्राला ‘प्रसिद्ध’ म्हणायचे याचा आहे.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक शैलखोदकामे आहेत. शिवनेरीच्या कड्यातल्या एका चैत्यगृहाच्या सपाट छतावर रंगकाम होते. चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एकात एक वर्तुळे. रंग नारिंगी, तपकिरी आणि पांढरा. एकोणिसाव्या शतकात पाहणी करणाऱ्यांनी त्याची नोंद केली आहे. ते चैत्यगृह वीरसेनक नावाच्या एका प्रमुख गृहस्थाने सर्व लोकांच्या हितासाठी आणि सुखासाठी दिल्याचे लेख सांगतो. याच जुन्नरच्या लेखांत बुरूडकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची श्रेणी आहे, धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, यवन दाते आहेत, कल्याणच्या सोनाराचा मुलगा आहे. बांबू सोलणाऱ्यांच्या संघाचे नाव दगडावर कोरले जावे, एवढी प्रतिष्ठा या गावात दोन हजार वर्षांपूर्वी श्रमाला होती. आज आपण शिवनेरीला दुसऱ्या कारणासाठी जातो, आणि ते कारण थोर आहे यात शंका नाही. पण त्याच डोंगराच्या पोटातले हे छत बघायला किती जण थांबतात? लेण्याद्रीच्या विहारात गिरिजात्मज बसला, तुळजा लेण्याला देवीचे नाव मिळाले; भिक्षूंची आठवण अभ्यासकांपुरती राहिली. नारिंगी, तपकिरी, पांढरा ही जुन्नरची रंगपट्टी कोणी काढत नाही, कारण ती प्रसिद्ध नाही. आणि ती प्रसिद्ध नाही, कारण ज्यांनी प्रसिद्धी वाटली त्यांना ती आपली वाटली नाही. ज्या आंबेगावने तालुक्याला नाव दिले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. नाव कागदावर चालू आहे. प्रसिद्ध चित्रांच्या पट्ट्यांचेही असेच आहे: नाव वर, गाव पाण्याखाली.

उलट बाजूने सविंद्र सावरकर या आपल्या चित्रकाराचा विचार करा. नागपूरला वाढलेल्या, बडोद्याला शिकलेल्या सावरकरांनी पेशवाईतला अस्पृश्य चितारला: गळ्यात मडके, कमरेला झाडू. या चित्राची पट्टी केली तर मडक्याचा होईल विटकरी चौकोन. त्याला कोणी ‘टेराकोटा’ असे सुरेख नाव देईल आणि तो कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवर लागेल. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून जे मडके माणसाच्या गळ्यात बांधले, त्याचा रंग जेवणाच्या खोलीची शोभा होईल. पट्टीचा खरा धोका इथे दिसतो. ती खोटे बोलत नाही. रंग तोच असतो. ती फक्त मडके आणि गळा यांचा संबंध तोडते.

हा संबंध न तोडता पट्टी करता येते काय? येते, आणि तिचे उदाहरण आपल्या डोक्यावर फडकत असते. ज्या १८८५ साली न्यूनेनमध्ये ‘बटाटे खाणारे’ पुरे झाले, त्याच वर्षी वैशाख पौर्णिमेला कोलंबोत बौद्ध ध्वज प्रथम उभारला गेला. त्यातही पाचच रंग: नील, पीत, लोहित, ओदात आणि मंजेठ. ही नावे नीट वाचावीत. नील हे झाडापासून निघणाऱ्या निळीचे नाव आहे. मंजेठ म्हणजे मंजिष्ठा, जिच्या मुळ्या उकळून रंगारी तांबडा रंग काढीत. म्हणजे या पट्टीत रंगाच्या नावातच द्रव्य आहे, द्रव्यात रंगाऱ्याचा हात आहे, आणि वर करुणेचा, मध्यम मार्गाचा अर्थ आहे. पाच चौकोनांवर एवढे सगळे पेलता येते. न पेलणे ही चौकोनांची मर्यादा नव्हे, ती पट्टी करणाऱ्यांची निवड आहे.

आपल्या निळ्याबद्दलही हेच सांगितले पाहिजे. आमच्या वस्तीत भिंती निळसर असत त्याचे पहिले कारण झेंडा नव्हते. चुना स्वस्त होता, त्यात निळीची पुडी घातली की तो डोळ्यांना बरा दिसे, आणि वर्षातून एकदा आई हे काम स्वतः करी. झेंड्याचा निळा नंतर त्याला येऊन मिळाला आणि स्वस्त रंगाला स्वाभिमानाचा अर्थ आला. ज्याला हा निळा भडक वाटतो त्याने आधी या दोन गोष्टी समजून घ्याव्यात, मग नावे ठेवावीत.

माझी सूचना साधी आहे. आपल्या शिक्षकांनी वर्गात प्रसिद्ध चित्रांच्या पट्ट्या जरूर वापराव्यात; पण प्रत्येक चौकोनाला तीन प्रश्न विचारायला शिकवावे. हा रंग कशाचा केला? कोणाच्या हाताने केला? आणि चित्रात तो कोणाच्या अंगावर होता? उत्तरे मिळाली तर पट्टी हे अभ्यासाचे साधन होईल. नाही मिळाली, तर निदान आपल्याकडून काय काढून घेतले गेले आहे एवढे तरी कळेल. आणि विद्यार्थ्यांनी आपल्या गावांच्या पट्ट्या कराव्यात. शिवनेरीच्या छताची, सातगाव पठारावरच्या काढणीची, हिरड्याच्या अंगणाची, ऊसतोडीची, वीटभट्टीची. परीक्षक त्याला मळकट म्हणतील, भडक म्हणतील. म्हणू द्यावे. आपल्या कवितेलाही त्यांनी आधी हेच म्हटले होते.